बाबांची साक्ष

आमच्या आणि मिसेस कॅम्पबेल यांच्या घरात एकच भिंत होती, आणि तीही इतकी पातळ की पलीकडे चमचा पडला तर आई आपल्या स्वयंपाकघरात खाली वाकून बघायची. लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची ती रांग होती. पुढचं दार उघडलं की थेट पेव्हमेंट, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. रविवारी सकाळी पलीकडून चर्चची गाणी यायची, रेडिओचा आवाज कमी आणि मिसेस कॅम्पबेल यांचा जास्त. आमच्या बाजूने कुकर. राहायला आलो त्या आठवड्यात तिसऱ्या शिट्टीला त्या धावत आल्या होत्या, काहीतरी फुटलं असं वाटून. आईने त्यांना आत घेतलं, झाकण काढून वाफाळलेली डाळ दाखवली, आणि तिथेच दोघींची ओळख झाली. पुढे त्यांच्या घरून रविवारी नारळाच्या दुधात शिजवलेला, राजमा घातलेला भात यायला लागला. तो भात आणि आईने केलेला लसणीचा ठेचा एकत्र खाताना मला जे सुख मिळायचं, ते इतक्या वर्षांत कुठल्या हॉटेलात मिळालं नाही.

मिडलंड्समधल्या त्या लहान शहरात आम्ही मिरजेहून आलो ते आईच्या नोकरीमुळे. आई नर्स. तेव्हा इकडे नर्सेस हव्या होत्या आणि एजंट सांगलीपर्यंत पोचले होते. इथे आल्यावर मात्र तिला एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या कामावर ठेवलं. तीन महिन्यांनी नर्सचा हुद्दा मिळणार होता. वर्ष उलटलं तरी मॅनेजर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत होता आणि पगार मदतनिसाचा देत होता. हे सगळं आईने भांडी घासता घासता मिसेस कॅम्पबेलना सांगितलं. त्या स्वतः जमैकाहून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायला आल्या होत्या. बरोबरच्या गोऱ्या मुलींना पूर्ण कोर्स आणि यांना न विचारता दोन वर्षांचा खालचा कोर्स. त्यातला फरक त्यांना सही केल्यावर कळला. आयुष्यभर त्यांनी ज्यांना शिकवलं त्या मुली वर गेल्या, आणि त्या त्याच वॉर्डात तशाच निवृत्त झाल्या. इथे ‘सिस्टर’ हा वॉर्डच्या प्रमुख नर्सचा हुद्दा. आईने मिरजेच्या सवयीने त्यांना तसं म्हटलं तेव्हा त्या खूप वेळ हसत राहिल्या. म्हणाल्या, “चाळीस वर्षांत मला कोणी सिस्टर केलं नाही. तू पहिल्याच दिवशी केलंस.” मग त्यांनी आमच्या टेबलाशी बसून आईकडून युनियनला पत्र लिहून घेतलं, एकदा नाही, चार वेळा. त्यानंतर पाचव्या महिन्यात आईला नर्सचा निळा युनिफॉर्म मिळाला. तो घालून ती आधी शेजारी दाखवायला गेली, मग बाबांना.

बाबा मिरजेच्या हॉस्पिटलात अकरा वर्षं एक्स-रे टेक्निशियन होते. इथे त्यांचं सर्टिफिकेट चालत नव्हतं, म्हणून ते पोर्टर झाले. वॉर्डातून पेशंट व्हीलचेअरवर घ्यायचा, एक्स-रेच्या दारापर्यंत न्यायचा, बाहेर थांबायचं, परत आणायचा. रीडिंग शहरात मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो की तिथली सॉफ्टवेअरवाली मंडळी विचारायची, माने, तुम्ही कशात? बाबा म्हणायचे, ‘रेडिओलॉजीत.’ ते खोटं नव्हतं, पण परतीच्या वाटेवर ते गाडीत फारसं बोलायचे नाहीत. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे, आणि त्या दारापर्यंत दिवसातून वीस वेळा जाऊन बाहेर उभं राहणं काय असेल, याचा विचार माझ्या मनात हल्ली वारंवार येतो. तेव्हा मात्र मला त्यांचा रागच यायचा. ते कुणालाच कधी उलटून बोलत नसत. आमचा इथे कायम राहण्याचा अर्ज होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, गेलेला होता आणि उत्तर येईपर्यंत घरात सगळ्याच गोष्टी हळू आवाजात चालल्या होत्या. पोस्टमनची चाहूल लागली तरी बाबा उठून उभे राहायचे.

मिसेस कॅम्पबेल यांचा नातू मार्कस त्यांच्याकडेच वाढला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, उंच, दारातून आत येताना मान वाकवणारा. एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता. आमच्या जिन्यातला दिवा लुकलुकायचा तो त्याने येता-जाता नीट करून दिला होता. तरी बाबा मला सांगायचे, त्या पोराशी फार बोलत जाऊ नकोस. का, ते सांगायचे नाहीत आणि मीही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आमच्या ओळखीच्या घरांतून काळ्या लोकांबद्दल जे बोललं जायचं ते मी ऐकलेलं होतं. मिसेस कॅम्पबेल यांचा भात आम्ही चाटूनपुसून खायचो, आणि तेच बोलणं आमच्याही घरात होतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण हे गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

मार्च महिना होता. शाळेला सुट्टी होती, शिक्षकांचं काही ट्रेनिंग होतं. बाबांची सकाळची ड्यूटी संपून ते नुकतेच घरी आले होते आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत खिडकीशी बसून पिठलं-भाकरी खात होतो. आई कामावर. मार्कस रस्त्यावरून आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी. खिसे चाचपले. किल्ली विसरला असावा, कारण त्याने बेल वाजवली, थांबला, मग दारातल्या टपालाच्या फटीतून हात घालून आतली कडी हाताला लागते का बघायला लागला. त्याची आजी त्या दिवशी चर्चमध्ये फुलं सजवायला गेली होती. तेवढ्यात पोलिसांची गाडी पुढे गेली, थांबली, आणि मागे आली.

दोघे उतरले. काच बंद होती तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मार्कसने सांगितलं, हे माझ्या आजीचं घर आहे. त्यांनी पिशवी मागितली. त्याने दिली. त्यांनी ती पेव्हमेंटवर उलटी केली. पकडी, स्क्रूड्रायव्हर, वायरची वेटोळी सगळीकडे पसरली. त्याने विचारलं, “पण मला कशासाठी अडवलंय?” आरडाओरडा न करता विचारलं. तरुण पोलिसाने त्याचा दंड धरला. मार्कस दचकला आणि त्याचा हात मागे गेला, कुणाचाही जाईल तसा. पुढच्या क्षणी त्याचा चेहरा आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या विटांवर दाबलेला होता आणि दुसरा पोलीस वायरलेसवर बोलत होता की याने हल्ला केला.

मी उठले. म्हटलं, “बाबा, त्यांना सांगा ना, तो इथेच राहतो.”

बाबा उभे राहिले होते. त्यांच्या बोटांना पिठलं लागलेलं होतं. दार त्यांच्यापासून चार पावलांवर होतं. ते खिडकीपाशी गेले आणि त्यांनी पडदा ओढला. “वृषाली, तू जेव,” म्हणाले. बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज झाला. आम्ही दोघंही जेवलो नाही. थोड्या वेळाने बाबा बाहेर गेले आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीखाली घरंगळत गेलेली एक मोजमापाची टेप घेऊन आले. ती रुमालाने पुसून त्यांनी स्वयंपाकघराच्या खणात ठेवली.

मार्कसवर पोलिसाला मारल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि त्याला जामिनावर घरी सोडलं. कोर्टाची तारीख पडली. शिक्षा झाली तर कंत्राटदार त्याला ठेवणार नव्हता, आणि तसा शिक्का बसलेल्या पोराला कुठल्याच घरात वायरिंग करायला कोणी घेतलं नसतं. पलीकडचा रेडिओ बंद झाला. पुढच्याच आठवड्यात मिसेस कॅम्पबेल रांगेतल्या प्रत्येक दारावर गेल्या, कोणी काही पाहिलं का विचारत. आमच्या दारावर आल्या तेव्हा आईने दार उघडलं. बाबा स्वयंपाकघरात होते, मी जिन्यात. आईला काहीच माहीत नव्हतं; बाबा ड्यूटीवर आणि मी शाळेत होते असंच ती धरून होती. ती म्हणाली, सिस्टर, त्या वेळी घरी कोणी नव्हतं हो. मिसेस कॅम्पबेल यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, थँक यू डार्लिंग म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी चर्चला जातानाची टोपी घातली होती. लोकांनी नीट ऐकून घ्यावं म्हणून घातली असणार, हे मला खूप नंतर सुचलं.

मी कितीतरी दिवस गप्प राहिले. मग एका शनिवारी आई आणि मी बसने लेस्टरला सामान आणायला गेलो होतो. येताना पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो, मेथीचा वास येत होता, आणि आई सहज म्हणाली, सिस्टर किती खंगल्यात बघ. मला रडू फुटलं. उरलेल्या प्रवासात मी तिला सगळं सांगितलं. आई घरी आली, मेथी निवडायला घेतली, आणि बाबा समोर येऊन बसेपर्यंत निवडत राहिली.

“अहो, तुम्ही घरी होता,” ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, आपला अर्ज अडकेल. पोलिसांविरुद्ध बोलायचं म्हणजे आपलं नाव कुठेतरी लिहिलं जाणार. उद्या परत जा म्हणाले तर पोरीच्या शाळेचं काय, तुझ्या नोकरीचं काय. रीडिंगच्या मंडळातल्या सबनीसांशी त्यांचं फोनवर बोलून झालं होतं. त्यांचाही सल्ला हाच होता, की दुसऱ्याच्या भानगडीत पडू नका. आईने सगळं ऐकून घेतलं. भीती तिलाही होतीच. ती एवढंच म्हणाली, “भीतीचं मला कळतं. पण तेवढंच होतं का?”

बाबांनी मेथीच्या काड्या एका बाजूला गोळा केल्या. “नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, त्या पोराने काहीतरी केलं असेल. पोलीस उगाच कशाला धरतील. डोळ्यांसमोर दिसत होतं की त्याने काही केलेलं नाही, तरी वाटलं.”

आईने त्यांना पुढे काही सांगितलं नाही. जा असंही म्हणाली नाही. त्या दिवसापासून मात्र तिने शेजारी जाणं बंद केलं, आणि डबा द्यायचा असला की माझ्या हाती पाठवायची. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

पुढचं मला बाबांनी नाही, मिसेस कॅम्पबेल यांनी सांगितलं, आणि तेही मी कॉलेजात गेल्यावर. कोर्टाच्या तारखेआधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना हॉस्पिटलात ठेवलं होतं. सकाळी एक्स-रेला न्यायला पोर्टर आला तो म्हणजे बाबा. त्यांना ओळखीचा चेहरा बघून बरं वाटलं. बाबांनी ब्लँकेट नीट गुडघ्यांवर घातलं, पाय पट्टीवर ठेवले, आणि चेअर ढकलायला लागले. तो कॉरिडॉर फार लांब. मिसेस कॅम्पबेल पुढे बघत बोलत होत्या: वृषालीचा अभ्यास कसा चाललाय, तुमच्या अर्जाचं काही कळलं का, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. अर्ध्या वाटेत चेअर थांबली. त्यांना वाटलं लिफ्ट आली. तर बाबा मागून पुढे आले आणि जमिनीवर उकिडवे बसले, मिरजेत एसटीची वाट बघत बसतात तसे, चेअरचे दोन्ही हात धरून. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी घरी होतो. मी खिडकीत होतो. मार्कसने हात उचलला नाही.

मिसेस कॅम्पबेल मला म्हणाल्या, “त्याला मारावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण तो माझ्या पायाशी बसला होता आणि तिकडे लोक खोळंबले होते.” म्हणून त्या म्हणाल्या, “मिस्टर माने, आधी मला एक्स-रेला न्या.”

बाबांनी नेलं. परत आणलं. वॉर्डात कॉटवर झोपवल्यावर त्यांनी मार्कसच्या वकिलाचं, सॉलिसिटरचं, नाव सांगितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्याच संध्याकाळी बाबांनी खणातली टेप घेतली, पलीकडच्या दारावर गेले आणि ती मार्कसच्या हातात दिली. मार्कसने ती घेतली आणि दार लावलं.

कोर्टाच्या दिवशी मी शाळा बुडवली. आई ड्यूटीवरून थेट आली, निळ्या युनिफॉर्मवर कोट घालून. मिसेस कॅम्पबेल आमच्या पुढच्या रांगेत होत्या. आई त्यांच्या मागे बसली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवू की नको असं करत तिने तो आपल्याच मांडीवर ठेवला. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. क्लार्कने ‘मिस्टर मेन’ म्हणून पुकारा केला. वर्षानुवर्षं त्यांना सगळे तसंच म्हणायचे आणि ते ओ द्यायचे. त्या दिवशी ते म्हणाले, “माने,” आणि क्लार्कने पुन्हा म्हणेपर्यंत थांबले.

त्यांचं इंग्रजी साधं होतं आणि त्या साधेपणाचा उपयोग झाला. कुठला हात, कुठल्या बाजूला, किती अंतरावर, हे त्यांनी एक्स-रेसाठी पेशंटला उभं करताना सांगतात तसं सांगितलं. डावा खांदा. कोपरापासून मागे. हात वर गेला नाही. मूठ नव्हती. सरकारी वकील बाई नम्र होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही हे सगळं इतकं स्वच्छ पाहिलं, तर सात आठवडे कोणालाच का सांगितलं नाही? कॅम्पबेल कुटुंबाचे तुम्ही मित्र आहात, आता मैत्रीखातर आलात का?

बाबांनी दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला. “मैत्री असती तर त्याच दिवशी आलो असतो,” ते म्हणाले. “मी घाबरलो होतो. आणि मला वाटलं, हा माझा मुलगा नाही.”

 तीन मॅजिस्ट्रेटपैकी मधल्या बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला. आई रडत होती, तोंडावर हात धरून, आवाज न करता. तिघे मॅजिस्ट्रेट आत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्यांनी मार्कसला निर्दोष सोडलं.

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. मिसेस कॅम्पबेल सॉलिसिटरशी बोलत होत्या, आईने शेवटी त्यांचा हात धरला होता. मार्कस बाबांपाशी आला. मला वाटलं, आता तो थँक यू म्हणेल. तो म्हणाला, “मला तुम्ही दिसला होतात. पडदा ओढताना.”

 बाबांनी विचारलं, मग वकिलाला माझं नाव का नाही सांगितलंस? मार्कसने खांदे उडवले. म्हणाला, ओढून आणलेला माणूस काय बोलेल याचा भरवसा नाही. मग जरा थांबून, आजीकडे बघत: “आणि नॅनला तुम्ही लोक आवडता. तिला ते कळू नये असं वाटलं.”

हे ऐकून बाबा पायरीवर बसले. कोट मळेल, लोक बघतील, कशाचाही विचार न करता बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मार्कस उभाच राहिला, पण गेला नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. मार्कस वर्षभर बाबांशी कामापुरतंच बोलला, आणि बाबांनी त्याची कधी तक्रार केली नाही. त्याचं शिक्षण पुरं झालं. आज त्याच्याकडे स्वतःची सात माणसं कामाला आहेत. मार्कसच्या घरच्यांनी पोलिसांविरुद्ध केलेल्या तक्रारीचं उत्तर दीड वर्षाने आलं, दोन परिच्छेदांचं, त्यात ‘संबंधितांना समज दिली’ एवढंच होतं. आमचा कायम राहण्याचा कागद त्याआधीच आला, कुठलीही अडचण न येता. बाबांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, एवढ्यासाठी. मग ते बराच वेळ मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मिसेस कॅम्पबेल यांच्याकडून भात पुन्हा यायला लागला तो दिवाळीच्या सुमारास, आणि पहिल्या वेळी डबा द्यायला त्या स्वतः आल्या. बाबांनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, “गरम आहे, खालून धरा.”

त्याच हिवाळ्यात आमच्या भागात पोलिसांनी रहिवाशांची एक समिती नेमली. रस्त्यात कोणाला अडवलं की पोलिसांनी एक पावती भरायची असे, का अडवलं त्याचं कारण लिहून. त्या पावत्या महिन्यातून एकदा समितीने बघायच्या. नावं झाकलेली असायची. मिसेस कॅम्पबेल यांनी स्वतःचं नाव दिलं आणि विचारल्याशिवाय बाबांचंही. पहिल्या बैठकीला मीही गेले, लायब्ररीच्या वरच्या खोलीत, संध्याकाळी पाच वाजता. टेबलावर चहाचा थर्मास, बिस्किटं, आणि पावत्यांचा गठ्ठा. एक सार्जंट होता, गोरा, तरुण, बोलायला गोड. त्याने सांगितलं की वाचून जा, काही शंका असेल तर शेवटी विचारा. बाकीचे भराभर पानं उलटत होते. बाबा पहिल्याच पावतीवर अडले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि हात वर केला, शाळेत करतात तसा.

“इथे लिहिलंय, संशयास्पद हालचाल,” ते म्हणाले. “म्हणजे त्याने नेमकं काय केलं?”

सार्जंटने पावती घेऊन मागे-पुढे पाहिली. तेवढंच लिहिलंय, म्हणाला. ज्याने भरली त्या पोलिसाला विचारावं लागेल, आणि तो आत्ता रस्त्यापलीकडच्या पोलीस स्टेशनात ड्यूटीवर आहे.

“मग विचारून या,” बाबा म्हणाले. “आम्ही बसलोय.”

सार्जंटने घड्याळाकडे पाहिलं, मग मिसेस कॅम्पबेल यांच्याकडे. त्या बिस्किटं पुढे सरकवत होत्या. तो उठला, टोपी घेतली, आणि जिना उतरून गेला.